स्वीडन: एक कोटी माणसं, दोनशे नव्वद तिजोऱ्या

एका गृहस्थांनी विचारलंय: स्वीडनची लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याएवढी. तिथे घरोघर फिरून जनगणना होत नाही असं ऐकतो. राजा आहे, आणि पंतप्रधान बहुमत नसतानाही खुर्चीत बसतो. तरीही कारभार सुरळीत चालतो, तो केवळ माणसं कमी म्हणून का? त्यांची मुलगी नोकरीनिमित्त गोथेनबर्गला राहते. तिला तिथे मत देता येईल का, हेही त्यांना हवंय.

मी एका स्वीडिश कोम्यूनच्या नियोजन खात्यात बरीच वर्षं काढली. कोम्यून म्हणजे तिथली नगरपालिका समजा, फक्त ती शहरालाही असते, खेड्यालाही आणि निव्वळ रानालाही. माझं काम लोकसंख्येचे अंदाज बांधण्याचं: कुठल्या वस्तीत पुढच्या चार-पाच वर्षांत किती बालवाड्या लागतील, वृद्धाश्रमात किती खोल्या लागतील. त्यामुळे माझं उत्तर संसदेपासून सुरू होणार नाही. ते माणूस मोजण्यापासून सुरू होईल, कारण स्वीडनचं सरकार खरं तिथे उभं आहे.

आधी ‘माणसं कमी’ हा मुद्दा. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख लोक होते. स्वीडनने एक कोटीचा आकडा जानेवारी २०१७ मध्ये ओलांडला आणि २०२४ अखेर तो १ कोटी ६ लाखांच्या जवळ होता. तुलना चुकीची नाही. पण पुणे जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा, आणि स्वीडन साडेचार लाखांचा, म्हणजे जवळजवळ दीड महाराष्ट्र. उत्तरेला किरुना नावाची एक कोम्यून आहे. ती एकटी पुणे जिल्ह्यापेक्षा मोठी, आणि वस्ती जेमतेम बावीस-तेवीस हजार. त्या पसाऱ्यात शाळा, वृद्धांची घरपोच देखभाल, पाणी, अग्निशमन हे सगळं तिथल्याच कोम्यूनने बघायचं. उणे तीसच्या थंडीत नळ गोठू नये म्हणून पाइप किती खोल गाडावे लागतात, आणि असा एक किलोमीटर पाइप किती थोड्या घरांना पुरतो, हे गणित ज्याने केलंय तो ‘माणसं कमी म्हणून सोपं’ असं म्हणणार नाही. शिवाय जमिनीखालच्या लोखंडाच्या खाणीमुळे हे गावच हळूहळू तीनेक किलोमीटर पूर्वेला सरकवलं जातंय. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथलं लाकडी चर्च अख्खं उचलून, चाकांवर घालून नव्या जागी नेलं, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. उलट स्टॉकहोमला खेटून असलेली सुंडबीबेरी कोम्यून नऊ चौरस किलोमीटरची आहे आणि तिच्यात पन्नास हजारांवर लोक राहतात. कायदा दोघींना एकच, जबाबदाऱ्याही त्याच.

आता मोजणीकडे. ऐकलंत ते खरं आहे. घरोघर फॉर्म देऊन केलेली शेवटची जनगणना १९९० ची. त्यानंतर गरज उरली नाही, कारण नोंदवही रोजच्या रोज चालू असते. ही सवय जुनी आहे. १६८६ च्या चर्च कायद्याने प्रत्येक पाद्रीबुवांना आपल्या गावातले जन्म, मृत्यू, लग्नं आणि आले-गेले लिहून ठेवणं सक्तीचं केलं. १७४९ मध्ये या नोंदींची देशभर बेरीज सुरू झाली. लोक निघाले अठरा लाखांच्याही आत. दरबाराचा अंदाज याहून बराच मोठा होता. आपण एवढे थोडे आहोत हे शत्रूला कळू नये म्हणून सुरुवातीला हे आकडे चक्क गुपित ठेवले होते.

१ जुलै १९९१ ला ही वही चर्चकडून करखात्याकडे गेली. हे नीट लक्षात घ्या: माणसांची नोंद गृहखात्याकडे नाही, पोलिसांकडे नाही, करखात्याकडे आहे. जन्म झाला की रुग्णालय तिथे कळवतं, घर बदललं की आठवड्याच्या आत आपण कळवायचं. आणि प्रत्येकाला एक नंबर. भारतीय मंडळी त्याला सर्रास ‘पर्सनल नंबर’ म्हणतात. १९४७ पासून तो आहे. जन्मतारखेचे सहा आकडे, मग चार. त्या चारांतला तिसरा विषम असेल तर पुरुष, सम असेल तर स्त्री, आणि शेवटचा आकडा आधीच्या नऊ आकड्यांवरून गणिताने येतो, म्हणजे टाइप करताना चूक झाली तर संगणक लगेच पकडतो. तारखेनंतर एक आडवी रेघ असते. माणसाने शंभरी गाठली की त्या रेघेच्या जागी अधिकचं चिन्ह येतं. आजीबाईंचा नंबर लिहिताना ते अधिक आलं की ऑफिसातलं कुणीतरी हमखास सगळ्यांना दाखवायचं.

बाहेरून आलेल्याला हा नंबर मिळायला किमान एक वर्ष राहण्याचा इरादा दाखवावा लागतो. तोवर तात्पुरता नंबर मिळतो, त्यात जन्मतारखेच्या दिवसात साठ मिळवलेले असतात. पाच तारखेला जन्म असेल तर पासष्ट. असा नंबर बघून अनेक दुकानांचे आणि बँकांचे संगणक गोंधळतात. खरा नंबर येईपर्यंत बँकेचं डिजिटल ओळखपत्र नाही, आणि ते नाही म्हणजे डॉक्टरची अपॉइंटमेंट, मोबाइलचं कनेक्शन, भाड्याच्या घराची रांग, सगळीकडे ताटकळणं. नवा आलेला मराठी इंजिनिअर पहिल्या भेटीत हवामानाची तक्रार करत नाही, याची करतो.

या वहीत काय नाही, तेही सांगतो. धर्म नाही, वंश नाही, भाषा नाही. जन्माचा देश आणि नागरिकत्व एवढंच. म्हणून भारतात जन्मलेले पन्नास हजारांहून अधिक लोक तिथे आहेत हे सांगता येतं, त्यात मराठी किती हे कुणालाच सांगता येत नाही. उत्तरेतल्या मूळ सामी लोकांचीही गणती अशी नाहीच. वीस ते चाळीस हजार असा ढोबळ अंदाज देतात. १९९३ पासून त्यांची स्वतःची निवडून दिलेली संसद आहे, आणि तिची मतदारयादी स्वतंत्र: ज्याला नाव घालायचं त्याने अर्ज करायचा.

आंधळा विश्वास मात्र या वहीवर ठेवू नका. माणूस येताना नाव नोंदवतो, कारण त्याशिवाय काही मिळत नाही. जाताना कळवायला विसरतो, कारण गेल्यावर कोण विचारतंय? त्यामुळे कागदावर माणसं जास्त राहतात. अलीकडे करखात्याने ही साफसफाई जोरात केली, आणि २०२४ मध्ये देश सोडणाऱ्यांचा आकडा एकदम फुगला. भारतीय स्वीडन सोडून चाललेत अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यातले बरेच जण केव्हाच गेलेले होते, नाव तेवढं तेव्हा खोडलं गेलं.

आणि माणूस नावानिशी माहीत असलेलं सरकार दरवेळी भलंच करतं असंही नाही. १९३० च्या दशकात जन्म घटले तेव्हा एकीकडे मुलांसाठी भत्त्यांची चर्चा सुरू झाली, आणि दुसरीकडे १९३४ च्या कायद्याने ‘अयोग्य’ ठरवलेल्यांची नसबंदी. हा प्रकार १९७५ पर्यंत चालला. सुमारे ६३ हजार नसबंद्या, त्यात बहुसंख्य बायका, आणि अनेकींची संमती नावापुरती. १९९९ मध्ये सरकारने नुकसानभरपाईचा कायदा केला, माणशी पावणेदोन लाख क्रोनर (स्वीडनचं चलन). आदर्श राज्य म्हणून स्वीडनची आरती ओवाळणारे हा भाग गाळतात.

आता पैसा. इथेच माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. स्वीडनमध्ये सामान्य नोकरदाराचा आयकर दिल्लीसारख्या कुठल्या लांबच्या तिजोरीत जात नाही. सरासरी ३२ टक्के कर, त्यातले वीसेक टक्के कोम्यूनला आणि अकरा-बारा टक्के रेजनला. रेजन म्हणजे कोम्यूनच्या वरची, आपल्या जिल्ह्यासारखी पातळी; त्या एकवीस आहेत आणि त्यांच्याकडे मुख्यतः दवाखाने आणि बससेवा. कोम्यून २९०. केंद्राचा वेगळा २० टक्के आयकर आहे, पण तो ठरावीक मर्यादेवरच्या पगारावर. बहुतेकांना तो लागतच नाही. कराचा दर कोम्यूनची निवडून आलेली सभा स्वतः ठरवते. आपल्याकडची जिल्हा परिषद शिक्षकांच्या पगारासाठी मुंबईकडे डोळे लावून बसते. तिथे सभेने दर वाढवायचा की वृद्धाश्रम बंद करायचा हे त्याच गावातल्या लोकांसमोर बसून ठरवायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच रांगेत दूध घ्यायचं.

यात एक तारीख महत्त्वाची: १ नोव्हेंबर. त्या दिवशी तुमचं नाव जिथे नोंदलेलं, पुढच्या वर्षीचा तुमचा कर त्या कोम्यूनचा. सरकारी अनुदानाची वाटणीही त्याच दिवसाच्या लोकसंख्येवर. त्यामुळे ऑक्टोबर आला की विद्यापीठांच्या गावांत जाहिराती लागतात: आमच्याकडे राहता ना, मग नावही इथेच नोंदवा. विद्यार्थी स्टॉकहोमच्या घरी नाव ठेवून उमिओला शिकतो, आणि त्याची बस, त्याचं वाचनालय, त्याचा रस्ता उमिओच्या खर्चाने. आमच्या ऑफिसात ऑक्टोबरचे शेवटचे दिवस नियोजनवाल्यांपेक्षा हिशेबवाल्यांचा जीव टांगणीला लावायचे. दोनशे माणसं इकडची तिकडे झाली की एका शाळेच्या पगाराचा प्रश्न येतो.

मग श्रीमंत उपनगरं मजेत आणि रानातल्या कोम्यून उपाशी, असं होत नाही का? झालं असतं. म्हणून समतोलाची व्यवस्था आहे. ज्या कोम्यूनची माणशी करपात्र कमाई देशाच्या सरासरीच्या ११५ टक्क्यांपेक्षा कमी, तिला फरक बऱ्याच अंशी भरून मिळतो. ज्यांची जास्त, त्यांच्याकडून कापून घेतात. कापून घेतल्या जाणाऱ्या मोजक्याच, बहुतेक स्टॉकहोमच्या आसपासच्या. तिथे या व्यवस्थेला ‘रॉबिन हूड कर’ म्हणतात, आणि प्रेमाने म्हणत नाहीत. दुसरा भाग खर्चाचा: म्हातारी माणसं किती, शाळकरी मुलं किती, वस्ती किती विरळ, यावर देणं-घेणं. लोकसंख्येचा प्रत्येक तपशील इथे क्रोनरमध्ये बदलतो.

यातला एक तुकडा माझ्या रोजच्या कामाचा. पालकांनी मागणी केल्यापासून चार महिन्यांच्या आत एक ते पाच वर्षांच्या मुलाला बालवाडीत जागा देणं कोम्यूनला बंधनकारक आहे. म्हणून आज जन्मलेलं मूल दीड वर्षाने कुठल्या रस्त्यावर राहत असेल याचा अंदाज आम्हाला बांधावा लागतो. नव्या इमारतीत दोन खोल्यांचे फ्लॅट जास्त असतील तर मुलं कमी, बैठी घरं असतील तर एकदम लाट, आणि दहा-बारा वर्षांनी तीच लाट बालवाडी रिकामी करून हायस्कूलवर आदळते. अलीकडे मात्र लाटच ओसरली आहे. २०२४ मध्ये जन्म एक लाखाच्या खाली गेले आणि बाईमागे मुलांचं प्रमाण १.४३ वर आलं. १७४९ पासूनच्या नोंदींतला हा तोवरचा नीचांक. पालकांना मिळून ४८० दिवसांची पगारी रजा, त्यातले नव्वद-नव्वद दिवस प्रत्येकाचे राखीव, हे असूनही. चांगल्या बांधलेल्या बालवाड्या बंद करण्याचे ठराव आता कोम्यूनच्या सभांत येतात, आणि त्यावरची भांडणं कुठल्याही ग्रामसभेला शोभतील अशी असतात. छोट्यांची अवस्था जास्त बिकट. ब्युरहोल्म ही सगळ्यात लहान कोम्यून, अडीच हजारांच्याही आत. तिला स्वतःचा वकील, स्वतःचा अभियंता, स्वतःचा समाजसेवक लागतो, आणि मिळत नाही. माझं मत असं की २९० ही संख्या आता जास्त आहे. १९५० ते १९७० च्या दशकांत हजारो कोम्यून एकमेकींत विलीन करून त्यांनी ती तीनशेच्या आत आणली, तशी आणखी एक फेरी लागेल. पण शेजारच्या गावात विलीन व्हा म्हटलं की माणसं तिथेही आपल्यासारखीच चिडतात.

स्टॉकहोमकडे आता येतो. पहिली गोष्ट, मंत्रालयं लहान आहेत. सगळी मिळून साधारण साडेचार-पाच हजार माणसं. खरं काम स्वतंत्र सरकारी संस्था करतात, त्या साडेतीनशेच्या आसपास, आणि ही विभागणी १६३४ च्या राज्यघटनेपासून चालत आली आहे. मंत्री एखाद्या संस्थेला फोन करून ‘अमक्याचं काम करून टाका’ असं सांगू शकत नाही. राज्यघटनेतच मनाई आहे. सांगितलं आणि उघड झालं तर संसदेची घटना समिती त्याला बोलावून खुलासा मागते. सरकारचे निर्णय एका मंत्र्याचे नसतात, मंत्रिमंडळाचे असतात, आणि ते बहुधा गुरुवारच्या बैठकीत झटपट मंजूर होतात. वाद आधीच मिटवलेले असतात. कोविडच्या काळात रोज टीव्हीवर पंतप्रधान नव्हते, साथरोगतज्ज्ञ अँडर्स टेग्नेल होते, त्याचं मूळ इथे आहे. याची दुसरी बाजूही तेव्हाच दिसली. वृद्धाश्रम कोम्यूनचे, डॉक्टर रेजनचे, सल्ला संस्थेचा. म्हातारी माणसं मेली तेव्हा प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. चौकशी आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये वृद्धसेवेतल्या जुन्या उणिवांवर बोट ठेवलं आणि अंतिम जबाबदारी सरकारचीच, असं स्पष्ट लिहिलं.

संसद म्हणजे रिक्सडाग, ३४९ जागांची. हा विचित्र आकडा का? आधी ३५० होत्या. १९७३ च्या निवडणुकीत दोन्ही बाजूंना नेमक्या १७५-१७५ मिळाल्या. तीन वर्षं अनेक ठराव बरोबरीत अडकले की सभापती चिठ्ठी टाकून निकाल लावायचे. एका आधुनिक देशाचे कायदे सोडतीवर ठरत होते. पुढच्या निवडणुकीपासून एक जागा कमी केली. निवडणूक प्रमाणशीर पद्धतीची, देशभरात चार टक्के मतं असतील तर पक्षाला प्रवेश.

‘बहुमत नसताना पंतप्रधान’ हे कोडं असं सुटतं: तिथे पंतप्रधानाच्या बाजूने किती हात वर झाले हे मोजत नाहीत, विरोधात किती झाले ते मोजतात. १७५ विरोधी मतं पडली नाहीत तर माणूस निवडून आला. २४ नोव्हेंबर २०२१ ला माग्दालेना अँडरसन यांना ११७ मतं मिळाली, विरोधात १७४, तटस्थ ५७. म्हणजे एका मताने बचावून त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान ठरल्या. त्याच दुपारी संसदेने विरोधकांचं अंदाजपत्रक मंजूर केलं, मित्रपक्ष ग्रीन बाहेर पडला, आणि सात-आठ तासांत त्यांनी राजीनामा दिला. पाच दिवसांनी पुन्हा मतदान, या वेळी बाजूने फक्त १०१, विरोधात १७३. निवडून आल्या, आणि विरोधकांच्या अंदाजपत्रकावर राज्य केलं. आपल्याकडे यावर रिसॉर्टच्या किती बसगाड्या धावल्या असत्या याची कल्पना करवत नाही. २०१८ च्या निवडणुकीनंतर तर सरकार बनायला १३४ दिवस लागले. त्या काळात शाळा, दवाखाने, बालवाड्या यांना काही फरक पडला नाही, कारण ते चालवणारे २९० आणि २१ वेगळेच होते.

२०२२ मध्ये उल्फ क्रिस्टरसन १७६ विरुद्ध १७३ मतांनी पंतप्रधान झाले. त्यांचा पक्ष ६८ जागांचा, आणि ज्याच्या बाहेरून पाठिंब्यावर सरकार उभं राहिलं तो स्वीडन डेमोक्रॅट्स ७३ जागांचा. स्थलांतर कमी करा, ही त्या पक्षाची मुख्य मागणी. २०१५ या एका वर्षात १ लाख ६३ हजार लोकांनी आश्रय मागितला होता आणि आज पाचातला एक रहिवासी परदेशात जन्मलेला आहे, हे माहीत असल्याशिवाय अलीकडचं स्वीडिश राजकारण समजणार नाही.

राजाचं थोडक्यात आटोपतो. कार्ल सोळावे गुस्ताफ १९७३ पासून गादीवर आहेत. १९७५ पासून लागू झालेल्या राज्यघटनेने त्यांचे राजकीय अधिकार शून्य केले. पंतप्रधानाचं नाव सुचवणं हेसुद्धा सभापतींचं काम, राजाचं नाही. ब्रिटनच्या राजाकडे कागदोपत्री यापेक्षा जास्त उरलंय.

आता तुमच्या मुलीचं मत. रिक्सडागसाठी नागरिकत्व लागतं, ते नसेल तर नाही. पण कोम्यून आणि रेजनसाठी १९७६ पासून परदेशी रहिवाशांनाही मत आहे. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाचं नाव मतदानाच्या दिवसापर्यंत सलग तीन वर्षं त्या वहीत असलं पाहिजे, आणि वय अठरा पूर्ण. मतदारयादीत नाव घालायला वेगळा अर्ज नको, यादी वहीतूनच निघते. निवडणूक दर चार वर्षांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, तिन्ही एकाच दिवशी. मतदान कार्ड टपालाने नोंदलेल्या पत्त्यावर येतं. त्या दिवशी जमणार नसेल तर अठरा दिवस आधीपासून वाचनालयात वगैरे मत टाकता येतं. ओळखपत्र सोबत न्यायचं. केंद्रात पिवळ्या, निळ्या आणि पांढऱ्या चिठ्ठ्या असतील. पिवळी रिक्सडागची, ती तिने घ्यायची नाही. निळी रेजनची, पांढरी कोम्यूनची. मतदारयादी तीस दिवस आधी गोठते, तोवरचा पत्ता धरतात. तिने मध्ये घर बदललं असेल आणि करखात्याला कळवलं नसेल, तर कार्ड जुन्या पत्त्यावर जाऊन पडेल. एवढं तिला फोनवर सांगून ठेवा.